इंजेक्शन देऊनही कुत्र्याची लूत पुन्हा का येते?

कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत कुत्री पाळणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. कुत्र्याला लूत लागली, इंजेक्शन दिले, काही दिवसांत खाज थांबली, केसही येऊ लागले, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग आणखी एक इंजेक्शन, मध्येच कोणी सुचवलेले जळके ऑईल, औषधाच्या दुकानातून आणलेले खाजेचे मलम, आणि शेवटी 'याला चिकनची गरमी झाली आहे' असा निष्कर्ष काढून बिचाऱ्याला दूधभातावर ठेवणे. अशा बहुतेक प्रकरणांत लूत परत आलेली नसते, ती पहिल्या वेळी पुरती गेलेलीच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती न जाण्याचे मुख्य कारण हे की, ती कोणत्या किड्यामुळे झाली हे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी काय तपासावे, कोणते औषध कुठे धोक्याचे ठरते आणि उपचार नेमका कधी थांबवावा, हे येथे मांडले आहे. औषधांची मात्रा ठरवण्याचे काम पशुवैद्यकाचेच आहे. पण त्यांना काय विचारायचे हे कुत्र्याच्या मालकालाही कळायला हवे.

आधी कोणती लूत ते ठरवा

कुत्र्यांत लूत प्रामुख्याने दोन प्रकारच्या माइटमुळे होते. माइट हे गोचिडाच्याच जातकुळीतले, आठ पायांचे आणि साध्या डोळ्यांना सहसा न दिसणारे जीव. पहिला सारकॉप्टिस. याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करून त्यांत अंडी घालते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा प्रवास साधारण अडीच ते तीन आठवड्यांत पुरा होतो. हा माइट एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर झपाट्याने जातो आणि माणसालाही तात्पुरती खाज आणतो. दुसरा डेमोडेक्स, लांबट आकाराचा आणि केसांच्या मुळांशी राहणारा. तो निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोड्या संख्येने असतोच. पिल्लू जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला बिलगून दूध पिताना तो पिल्लाकडे जातो आणि पुढे त्याची संख्या कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवते. ती ढासळली की माइट बेसुमार वाढतात. पहिली लूत बाहेरून येते आणि दुसरी आतल्या बिघाडातून उफाळते, त्यामुळे दोन्हींच्या उपचाराचा कालावधी आणि पुन्हा येण्याची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत.

वरवर पाहूनही थोडा अंदाज येतो. सारकॉप्टिक लुतीत खाज भयंकर असते. कुत्रे रात्री झोपत नाही आणि जेवता-जेवता खाजवायला थांबते. सुरुवात कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट येथून होते, पाठ मात्र बराच काळ वाचलेली असते. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून काही क्षण घासली असता त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवण्याची हालचाल करू लागला, तर संशय बळावतो. डेमोडेक्समध्ये डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पुढच्या पायांवर केस गळून चट्टे पडतात, पण त्वचेत जिवाणूंचा संसर्ग होईपर्यंत खाज फारशी नसते. संसर्ग झाला की मात्र दोन्ही लुती इतक्या सारख्या दिसतात की अनुभवी डोळाही फसतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे त्वचेची खरवड तपासणे. डॉक्टर पात्याची धार बोथट करतात, त्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेतात, चट्ट्याच्या कडेची त्वचा चिमटीत घट्ट दाबून धरतात आणि केसांच्या दिशेने, रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत हलक्या हाताने खरवडतात. दाबण्याला महत्त्व आहे, कारण त्यामुळे केसांच्या मुळांशी दडलेले डेमोडेक्स वर येतात. पात्यावर जमलेला मळ काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की माइट असल्यास त्यांचे पाय हलताना दिसतात. तीन-चार ठिकाणांहून खरवड घ्यावी लागते आणि सगळे मिळून फार वेळ लागत नाही. मालकांनी हे रक्त पाहून घाबरू नये आणि 'जखम कशाला करता?' म्हणून डॉक्टरांचा हात धरू नये; डोळ्यांजवळ किंवा पंजांवर खरवडणे शक्य नसेल तर तेथील केस चिमट्याने मुळासकट उपटूनही तपासता येतात.

या तपासणीची एक मर्यादा ठाऊक असलीच पाहिजे. सार्वत्रिक, म्हणजे सर्वांगावर पसरलेला डेमोडेक्स नीट घेतलेल्या खरवडीत सहसा सापडतो. सारकॉप्टिस मात्र निम्म्याहून अधिक कुत्र्यांत सापडत नाही, कारण प्रचंड खाजेला कारणीभूत असलेले माइट संख्येने थोडेच असतात. म्हणून लक्षणे सारकॉप्टिसची असतील आणि खरवड कोरी आली, तर डॉक्टर सारकॉप्टिस गृहीत धरूनच उपचार सुरू करतात आणि प्रतिसाद पाहतात. तेही शास्त्रशुद्धच आहे. पण खरवडही नाही, लक्षणांची विचारपूसही नाही आणि थेट इंजेक्शन, हे म्हणजे दुखणे हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

सारकॉप्टिक लूत परत येते तेव्हा

येथे तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, उपचार एका मात्रेवर थांबला होता का? लुतीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनाने जिवंत माइट मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटून निघालेली नवी पिढी मारण्यासाठी साधारण १४ दिवसांनी दुसरी मात्रा लागते आणि अनेकदा तिसरीही. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली की मालक दवाखान्याकडे फिरकत नाहीत, आणि महिन्या-दीड महिन्याने तक्रार घेऊन येतात.

दुसरी, घरातल्या आणि संगतीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे काय? लागण झाल्यापासून खाज सुरू होईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. त्या काळात निरोगी दिसणारे कुत्रेही माइट वाटत असते. एकत्र राहणाऱ्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार झाला नाही तर माइट नुसते घर बदलत राहतात. आपल्या भागात याची एक ठरलेली जागा आहे. हंगाम सुरू होऊन करवीर, पन्हाळा, कागल भागातली गुऱ्हाळे पेटली की आसपासची कुत्री रात्री चुलवाणाजवळच्या उबेला येतात आणि कोमट राखेत एकमेकांना खेटून झोपतात. घरचे कुत्रे रात्री मोकळे सोडण्याची पद्धत असेल तर तेही तेथे पोहोचते. हिवाळ्यात लूत 'परत येते' त्यामागे कित्येकदा थंडीपेक्षा हा शेजार असतो, म्हणून उपचार चालू असेपर्यंत तरी कुत्रे रात्री बांधून किंवा आवारात ठेवावे.

तिसरी, अंथरूण. सारकॉप्टिस कुत्र्याच्या अंगाबाहेर सर्वसाधारण खोलीच्या तापमानात काही दिवस आणि थंड, दमट जागेत त्याहूनही जास्त काळ तग धरतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत गोठ्यातली पोती आठवडाच्या आठवडा वाळत नाहीत, हे येथे कोणाला सांगायला नको. जुने पोते टाकून द्यावे. चादर, पट्टा आणि गळ्यातली कापडी दोरी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. आणि उपचाराच्या काळात अंथरूण दर आठवड्याला बदलावे. फरशीवर फिनाईल ओतण्यापेक्षा कोरडेपणाचा उपयोग जास्त होतो.

गेल्या काही वर्षांत आयसॉक्साझोलिन गटातील चघळण्याच्या गोळ्या आल्यामुळे हे सर्व सोपे झाले आहे. अफॉक्सोलानर आणि सारोलानर महिन्याला एकदा देतात, फ्लुरालानरचा परिणाम साधारण १२ आठवडे टिकतो. मुळात पिसवा आणि गोचीड यांच्यासाठी निघालेल्या या गोळ्या दोन्ही प्रकारच्या लुतीवर उत्तम काम करतात आणि अंगात औषध टिकून राहत असल्याने अंड्यांतून निघणारी पिढीही मरते. भटक्या कुत्र्याला पकडून दर पंधरवड्याला टोचण्यापेक्षा खाण्यातून गोळी देणे कितीतरी पटींनी सोपे आहे. दोन सावधगिरी मात्र आवश्यक आहेत. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली आहे त्याच्याबाबत डॉक्टरांना आधी सांगावे, कारण या गटामुळे काही कुत्र्यांत झटके येऊ शकतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशाराही दिला आहे. शिवाय मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे तुकडे तीन-चार लहान कुत्र्यांत वाटण्याची जी काटकसर केली जाते ती टाळावी. तुकड्यांत औषध सारखे वाटले जाईल याची खात्री नसते, आणि पिल्लांसाठी वय आणि वजन यांची किमान मर्यादा वेष्टनावर दिलेली असते.

डेमोडेक्सची लूत परत येते तेव्हा

गुंतागुंत खरी येथे आहे. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडावर किंवा पायावर एक-दोन चट्टे असतील, बाकी पिल्लू खेळते-खाते असेल, तर अशा पिल्लांपैकी बहुसंख्य कोणत्याही माइटनाशक औषधाशिवाय काही आठवड्यांत बरी होतात. जंतांचे औषध, पुरेसे प्रथिनयुक्त खाणे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणे, एवढेच बस. नेमक्या याच पिल्लांना घाईने इंजेक्शने दिली जातात आणि आपोआप बरे होण्याचे श्रेय इंजेक्शनाला मिळते. चट्टे वाढत गेले, चारही पंजे सुजले किंवा सर्वांगाचे केस जाऊ लागले, की तो सार्वत्रिक डेमोडेक्स समजावा. तेथे मात्र उपचार महिनोन्महिने चालतो.

येथे लूत परत येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे केस आल्यावर औषध थांबवणे. त्वचा सुधारलेली दिसते तेव्हाही केसांच्या मुळांत माइट जिवंत असतात. औषध कधी थांबवायचे हे केसांवरून ठरत नाही, खरवडीवरून ठरते: साधारण महिन्याच्या अंतराने घेतलेल्या सलग दोन खरवडींत एकही माइट, अंडे किंवा त्यांची पिल्ले दिसली नाहीत, तरच उपचार पुरा झाला असे मानतात आणि त्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवतात. 'महिन्याला एक इंजेक्शन' हा जो सरसकट रिवाज आहे, तो डेमोडेक्सवर चालत नाही. आयव्हरमेक्टिनने डेमोडेक्स घालवायचा असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी मात्रेपासून वाढवत, दररोज तोंडाने द्यावे लागते, आणि आता आयसॉक्साझोलिन गोळ्यांमुळे बहुतेक कुत्र्यांत ती जोखीम घेण्याची गरज उरलेली नाही.

दुसरे कारण स्टेरॉइड. खाज थांबवणारे इंजेक्शन दिले की कुत्रे त्या रात्री शांत झोपते आणि मालक समाधानाने पैसे देतो. परंतु स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि डेमोडेक्सला मोकळे रान मिळते. माणसांच्या खाज-नायट्याच्या अनेक मिश्र मलमांतही स्टेरॉइड असते, तेव्हा घरातले उरलेले मलम कुत्र्याला लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. दवाखान्यात 'यात स्टेरॉइड आहे का?' असे सरळ विचारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

तिसरे कारण शरीरात दडलेले असते. तीन-चार वर्षांपर्यंत ठणठणीत असलेल्या कुत्र्याला अचानक सार्वत्रिक डेमोडेक्स झाला, तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजून शोध घ्यावा. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकियासारखे आजार पुष्कळ आढळतात. त्याखेरीज थायरॉइडची कमतरता, कुशिंगचा आजार (शरीरातच स्टेरॉइडसारखे संप्रेरक जादा तयार होणे), दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, क्वचित कर्करोग अशी कारणे असतात. मूळ आजार तसाच ठेवून माइट मारत बसणे हे न संपणारे काम आहे.

आणि चौथे, ज्यावर आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. लहान वयात होणाऱ्या सार्वत्रिक डेमोडेक्सकडे कल आनुवंशिक असतो. कारवान आणि मुधोळ कुत्र्यांच्या शौकिनांची या भागात कमी नाही. मादी शर्यतीची आहे, तिची वीण घेतलीच पाहिजे, असा आग्रह धरला जातो. मादी माजावर आली किंवा व्याली की प्रतिकारशक्तीवर ताण येऊन गेलेला डेमोडेक्स पुन्हा उसळतो आणि पिल्लांकडेही तो कल जातो. ज्या कुत्र्याला किंवा कुत्रीला हा आजार सर्वांगावर होऊन गेला आहे तिची पैदास करू नये आणि बरी झाल्यावर तिची नसबंदी करून घ्यावी. जातिवंतपणाचा अभिमान असणाऱ्यांनी तर हे सर्वांआधी करायला हवे.

आयव्हरमेक्टिनचा हिशेब

आयव्हरमेक्टिन हे चांगले औषध आहे. त्याच्या शोधासाठी २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. अडचण अशी की, आपल्याकडे ते सहज मिळते ते गुरांच्या इंजेक्शनाच्या रूपात. दुधाचा धंदा घरोघरी असल्याने गोठ्यात ती बाटली असतेच, आणि तिच्यातूनच कुत्र्यालाही टोचले जाते. १ टक्का आयव्हरमेक्टिन म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. सारकॉप्टिक लुतीसाठी वापरली जाणारी किमान मात्रा दर किलो वजनाला २०० मायक्रोग्रॅम धरली, तर १० किलोच्या कुत्र्याला २ मिलिग्रॅम, अर्थात ०.२ मिलिलिटर औषध होते. 'एक मिली मारले' असे जे सहज सांगितले जाते ती याच्या पाचपट मात्रा झाली. आणि तीन किलोच्या पिल्लाला अर्धा मिलिलिटर गेले तर आठपटींहून अधिक. त्यात ३.१५ टक्क्यांचे, अंगात दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शनही गुरांसाठी मिळते; त्याची बाटली साध्या बाटलीसारखीच दिसते आणि मात्रा तीनपटीहून जास्त होते. मोजमापासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरणाऱ्यांचा आणखी एक घोळ होतो: लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलिलिटरचे ४० भाग असतात, तर नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १००. तेच ०.२ मिलिलिटर एकीवर आठव्या रेघेपाशी आणि दुसरीवर विसाव्या रेघेपाशी येते. गोठ्यातल्या बाटलीतून घरी टोचू नये असे मी म्हणतो ते या रेघांमुळेच.

मात्रा बरोबर असूनही जीव धोक्यात येतो तो काही वंशांच्या कुत्र्यांत. मेंदूत औषध शिरू न देणारी जी व्यवस्था असते ती चालवणाऱ्या एमडीआर-१ या जनुकात दोष असेल तर आयव्हरमेक्टिन मेंदूत साचते. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेटलंड शीपडॉग यांत हा दोष बराच आढळतो, जर्मन शेफर्डमध्येही काही कुत्र्यांत असतो. आपल्या गल्लीतल्या 'गावठी' कुत्र्याचा आजा कुठल्या बंगल्यातला अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्डच, होता हे कोण सांगणार? संशय असेल तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात. आयसॉक्साझोलिन गोळ्या ठरलेल्या मात्रेत अशा कुत्र्यांनाही चालतात. आयव्हरमेक्टिनच्या उपचारासोबत पिसवांसाठीची स्पिनोसॅडची गोळी किंवा बुरशीसाठीचे केटोकोनाझोल चालू असेल तर तेही आधी सांगावे, कारण त्यांच्यामुळे आयव्हरमेक्टिनची विषबाधा होण्याचा धोका वाढतो.

इंजेक्शनानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशीही बाहुल्या मोठ्या होणे, लाळ गळणे, दारू प्यायल्यासारखा तोल जाणे, दिसेनासे होऊन भिंतीवर आदळणे, अंग थरथरणे, ही विषबाधेची लक्षणे आहेत. तोंडातून दूध, तूप, मिठाचे पाणी असे काहीही ओतू नये. शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या ते श्वासनलिकेत जाते. कुत्र्याला कुशीवर निजवून आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. या विषावर हमखास उतारा नाही, पण सलाईन, ऊब, श्वासाची काळजी आणि कूस बदलत राहणे एवढ्या शुश्रूषेवर कित्येक कुत्री काही दिवसांनी उठतात, म्हणून बेशुद्ध आहे एवढ्यावरून आशा सोडू नये.

अ‍ॅमिट्राझचे पाणी

गोचिडांसाठी मिळणारे १२.५ टक्के अ‍ॅमिट्राझ लुतीवरही चालते आणि स्वस्त आहे. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लिटरभर पाण्यात २ ते ४ मिलिलिटर, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ टक्के, एवढेच ते पातळ करतात. बाटलीतले औषध तसेच चट्ट्यावर चोळल्यास कुत्रे सुस्त पडते, नाडी मंदावते, रक्तातील साखर वाढते. लांब केस आधी कातरावे, खपल्या निघतील अशा शाम्पूने धुवावे, अंग कोरडे झाल्यावर ताजे केलेले पाणी हवेशीर जागी हातमोजे घालून स्पंजने सर्वांगाला लावावे, आणि धुऊ किंवा पुसू न देता सावलीत वाळू द्यावे. वाळेपर्यंत कुत्र्याला अंग चाटू देऊ नये. चार महिन्यांखालील पिल्ले, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, मधुमेही कुत्रे आणि मांजर यांना हे लावू नये. दमा किंवा मधुमेह असलेल्या माणसानेही हे काम अंगावर घेऊ नये. उघडून महिनोन्महिने पडलेली बाटली वापरू नये, कारण हवा आणि उजेड लागून ते औषध बिघडते.

पावसाळ्यात एक अडचण हमखास येते. हे पाणी एकदा लावल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या पंधरवड्यात कुत्रे भिजता कामा नये, आणि बाहेर राहणारे कुत्रे कोल्हापूरच्या पावसात कोरडे राहणे अशक्य. अशा कुत्र्यांना जून ते सप्टेंबर गोळीचाच मार्ग धरावा. उरलेले पाणी पंचगंगेत, रंकाळ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. माशांना ते विषारी आहे.

जळके ऑईल, तंबाखूचे पाणी आणि बाकीचे

जळके ऑईल लावल्यावर माइट गुदमरतात अशी समजूत आहे. त्वचेखालच्या बोगद्यांत आणि केसांच्या मुळांत असलेल्या माइटपर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही. कुत्रे मात्र ते चाटते, आणि इंजिनमधले जड धातू आणि हायड्रोकार्बन पोटात, यकृतात जातात. रॉकेल आणि फिनाईलने कातडी भाजते. निपाणीकडच्या तंबाखूमुळे तंबाखूच्या पाण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. निकोटीन खरवडलेल्या कातडीतून थेट रक्तात उतरते, आणि लहान कुत्रे त्याने मरूही शकते. उसावर किंवा भाजीवर फवारायच्या औषधांबद्दल तर बोलायलाच नको. कडुलिंब आणि करंजाच्या तेलाने कोरड्या त्वचेला थोडा आराम पडतो, पण सार्वत्रिक लूत त्याने बरी होत नाही, आणि त्यात कापूर मिसळला असेल तर चाटल्यावर फिट येऊ शकते.

लूतच नसेल तर

माइट मेले तरी खाज आणि दुर्गंधी राहत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग उरलेला असतो. पिवळ्या पुटकुळ्या आणि गोल खपल्या ही त्याची खूण. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू दहा मिनिटे अंगावर ठेवून धुणे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरे करणे, याने तो जातो. चार दिवसांत थांबवलेले प्रतिजैविक हेही 'लूत परत आली' या तक्रारीचे एक नेहमीचे मूळ आहे. खाज शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर एकवटलेली असेल तर पिसवांची अ‍ॅलर्जी पाहावी, आणि गोलाकार, खवलेदार चट्टे असतील तर नायट्याची तपासणी करून घ्यावी. ही दोन्ही दुखणी म्हणजे लूत नव्हे.

घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ येऊन रात्री खाज सुटली, तर कुत्र्याची लूत सारकॉप्टिक असण्याचा तो एक बळकट पुरावाच आहे. कुत्र्याचा माइट माणसाच्या त्वचेत आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही, त्यामुळे कुत्रे बरे झाल्यावर ही खाज दोन-तीन आठवड्यांत ओसरते. न ओसरल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. गोठ्यातली बाटली स्वतःवर कोणी आजमावू नये, हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते.

इतके सगळे नीट करूनही लूत परत येत असेल, तर पुढचे पाऊल रक्ततपासणीचे: पेशींची संख्या आणि प्लेटलेट, गोचीड तापाची चाचणी, यकृत आणि मूत्रपिंडाची स्थिती, आणि प्रौढ कुत्र्यात थायरॉइड. येथे सोय न झाल्यास पुण्याच्या वाटेवर महामार्गालगतच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दाखवण्यासाठी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. कोठेही गेले तरी बरोबर काय न्यावे तेवढे सांगतो: आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन किंवा त्याचा फोटो, कोणती मात्रा कोणत्या तारखेला दिली त्याची नोंद, स्टेरॉइड कधी दिले होते ती तारीख, कुत्र्याचे आजचे वजन, आणि पहिल्यांदा चट्टा दिसला तेव्हाचे छायाचित्र असल्यास ते. जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नये आणि अंगाला काही लावू नये, म्हणजे खरवडीत जे आहे ते दिसेल.